मामाचं सेंट परत का बनत नाही: बंद पडलेल्या 'पातू पूर ऑम'ची गोष्ट

आमचा मामा मर्चंट नेव्हीत होता. ऐंशीच्या दशकात तो बोटीवरून आला की घरात सगळ्यांसाठी काही ना काही असायचं, चॉकलेटं, कॅसेटी, आजीसाठी शाल, आणि स्वतःसाठी एकच चैन, सेंट. त्यातली एक बाटली अजून आमच्या गोदरेजच्या कपाटात आहे, तळाला दोन बोटं शिल्लक. नाव पातू पूर ऑम. फ्रेंच आहे, अर्थ एवढाच की 'पातू कंपनीचं पुरुषांसाठी'. हे आता बनत नाही. २०१३ ला एकदा परत आलेलं, मी मोठ्या हौसेने त्या नव्या मालातलं ५ मिली मागवून मामाला दिलं, त्याने मनगटावर लावलं, हुंगलं, दोन मिनिटं थांबून परत हुंगलं आणि म्हणाला, "अरे हा त्याचा भाऊ आहे. तो नाही."

तेव्हापासून डोक्यात बसलेला प्रश्न म्हणजे हे असं का? रेसिपी होती, नाव होतं, पैसे मोजायला तयार असलेलं गिऱ्हाईक होतं (आजही जुनी सीलबंद बाटली शेकडो डॉलरला जाते), मग घोडं नेमकं कुठे अडतं? वाचत गेलो तर कळलं की यात रसायनशास्त्र आहे, कायदा आहे, जंगल आहे आणि कंपन्यांची खरेदीविक्रीपण आहे. सगळं जमेल तेवढं सोपं करून सांगतो.

आधी 'कोलन' हा शब्द बाजूला काढू, कारण आपल्याकडे त्याचा घोळ आहे. आपल्या आज्या ताप आला की कपाळावर कोलनवॉटरची घडी ठेवायच्या ना, तेच खरं कोलन. जर्मनीतल्या कोलोन गावात १७०९ मध्ये फारिना नावाच्या इटालियन कुटुंबाने धंदा सुरू केला, तिथे हे लिंबू-संत्र्याच्या जातीच्या तेलांचं हलकं पाणी विकायला लागले, आणि गावाचं नाव त्या पाण्याला चिकटलं. त्यात अर्क जेमतेम दोन ते पाच टक्के, बाकी सगळं अल्कोहोल आणि पाणी. पुढे अमेरिकेत पुरुषांच्या कुठल्याही सेंटला सरसकट कोलन म्हणायची सवय लागली आणि तीच आपल्याकडे आली. पातू पूर ऑम काटेकोर बोलायचं तर 'ओ द त्वालेत', म्हणजे कोलनपेक्षा दाट. पण मामा त्याला आयुष्यभर 'माझं कोलन' म्हणत आला, त्यामुळे मीपण वाद घालत नाही.

पातू म्हणजे झाँ पातू, पॅरिसचा ड्रेस डिझायनर, जन्म १८८७. १९२० च्या दशकात टेनिसपटू सुझान लाँग्लेन बाह्या नसलेला ब्लाउज आणि गुडघ्याखाली येणारा प्लीटचा स्कर्ट घालून कोर्टवर उतरायची त्यावरून केवढा गहजब झाला होता, ते कपडे याचे. १९२९ ला अमेरिकेचं शेअर मार्केट कोसळलं, याची श्रीमंत अमेरिकन गिऱ्हाइकं आटली, आणि या पठ्ठ्याने १९३० ला 'जॉय' नावाचं सेंट काढून 'जगातलं सगळ्यात महाग सेंट' अशी त्याची जाहिरात केली. तीसेक मिलीच्या बाटलीत १०,६०० जाईची फुलं आणि २८ डझन गुलाब, हा कंपनीचा दावा. मंदीत महाग वस्तू विकायची हिंमत बघा! १९३६ ला तो गेला, घरच्यांनी धंदा चालवला, कपड्यांची बाजू १९८७ ला बंद पडली, सेंटं मात्र चालू राहिली.

या कंपनीची एक गोष्ट वेगळी होती. बहुतेक फॅशन ब्रँड सेंट स्वतः बनवत नाहीत, बाहेरच्या मोठ्या सुगंध कंपन्यांकडून बनवून घेतात आणि वर आपलं लेबल लावतात. पातूकडे स्वतःचा पगारी परफ्यूमर असायचा, घरचा आचारी म्हणा हवं तर. १९६७ पासून हे काम झाँ केर्लेओ या माणसाकडे होतं. त्याने १९८० ला पातू पूर ऑम बनवलं. घरचा आचारी असल्यामुळे होतं काय की स्वस्तातलं सामान वापर असं सांगणारं मधे कोणी नसतं, आणि या सेंटबद्दल जे कौतुक होतं ते मुख्यतः त्याच्या आतल्या मालाचंच होतं.

आता आतला माल. फ्रेंच नावं ऐकून बिचकायला होतं, पण गंमत म्हणजे यातले निम्मे वास आपल्या स्वयंपाकघरात नाहीतर देवघरात सापडतात. गॅल्बॅनम म्हणून एक डिंक असतो, इराणकडून येतो, कच्च्या वाटाण्याची शेंग मोडल्यावर येतो तसा तीव्र हिरवा वास. त्याचं झाड आणि आपल्या हिंगाचं झाड एकाच कुळातलं, चुलत भाऊ. टॅरॅगॉन नावाची फ्रेंच भाजी असते, ती आणि आपला दवणा, चैत्रात जोतिबाला वाहतात तो, हे दोघे एकाच कुळातले. व्हेटिव्हर म्हणजे सरळ सरळ वाळा, उन्हाळ्यात माठात टाकतो तो, शब्दसुद्धा तमिळवरून गेलेला. पॅचुली ही गजऱ्यात घालतात त्या पाचेच्या गोतावळ्यातली. वर लॅव्हेंडर, आणि सगळ्यांच्या खाली पाया म्हणून चंदन.

आता 'वर' आणि 'खाली' हे काय ते समजलं की अर्धा विषय समजला. सेंट म्हणजे शेकडो वेगवेगळे रेणू एका बाटलीत, आणि सगळे एकाच वेगाने उडत नाहीत. लिंबाच्या सालीतलं लिमोनीन हलकं, रेणूभार १३६, ते पाच-दहा मिनिटांत पसार. लॅव्हेंडरमधलं लिनालूल १५४, ते थोडं टिकतं. चंदनातलं सँटॅलॉल २२०, ते रात्रीपर्यंत कातडीला धरून बसतं. (नुसत्या वजनावर सगळं ठरत नाही, पण अंदाज येतो.) म्हणजे परफ्यूमर एक वास बनवत नसतो, तो आठ-दहा तासांचा क्रम लावत असतो, कोण कधी येणार आणि कोण आल्यावर कोण निघणार. त्यामुळे पायातला एक घटक बदलला की पहिल्या दहा मिनिटांत काहीच कळत नाही, दुकानात हुंगून तुम्ही खूष होऊन घेता, आणि संध्याकाळी मनगट नाकाशी नेल्यावर वाटतं, च्यायला काहीतरी गंडलंय.

तर पायातलं चंदन, पहिली अडचण ही. जगभरच्या परफ्यूमर लोकांसाठी चंदन म्हणजे म्हैसूर, बाकी सगळं त्याची बरोबरी करायला धडपडणारं. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवलं, म्हणजे झाड कोणाच्याही जमिनीवर असो, मालकी सरकारची. नंतर म्हैसूर संस्थानाने तेच चालवलं. पहिल्या महायुद्धात युरोपला लाकूड जायचं थांबलं, माल पडून राहायला लागला, तेव्हा १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानात आपलं आपणच तेल काढायचा कारखाना उभा राहिला आणि पुढची काही दशकं फ्रान्सला तेल इथून गेलं. सरकारी मालकीचा तो नियम कर्नाटकात २००१ पर्यंत टिकला. आता विचार करा, बांधावर चंदनाचं रोप उगवलं तर शेतकरी काय करेल? झाड वाढवायचं आपण, राखायचं आपण, चोरी झाली तर चौकशी आपली, आणि लाकूड सरकारचं. तो ते रोप लहान असतानाच उपटून टाकणार, कोणीही टाकेल. त्यात चंदनाचं खोड लगेच वास धरत नाही, आतला गाभा तयार व्हायला पंधरा-वीस-तीस वर्षं लागतात, झाड अर्धं परोपजीवी, शेजारच्या झाडांच्या मुळांत मुळं घालून जगतं, त्यामुळे एकटंच लावलं तर नीट वाढत नाही, वर स्पाइक नावाचा रोग, आणि तस्करी, वीरप्पनची गोष्ट तर सगळ्यांना माहितीच आहे. १९९८ ला हे झाड जागतिक संकटग्रस्त यादीत गेलं. किमती कुठल्या कुठे.

मग सेंटवाल्यांनी काय केलं? ऑस्ट्रेलियात आपल्याच जातीच्या चंदनाच्या बागा लागल्या, आणि प्रयोगशाळेत बनलेले सँडलोर, जावॅनॉल असले रेणू आले. ते वाईट आहेत असं नाही, जावॅनॉल तर इतकं जोरदार की थेंबाचाही छोटा भाग पुरतो. पण सहाणेवर चंदन उगाळताना जो दुधाळ, थोडा तुपकट, किंचित आंबूस असा सगळा मिळून वास येतो ना, तो एका रेणूचा नसतो. कृत्रिम म्हणजे त्या कोरसमधला एकच गायक माइक घेऊन उभा. आवाज मोठा येतो, कोरस येत नाही.

दुसरी अडचण नियमांची, आणि यावर जुन्या सेंटांचे चाहते सगळ्यात जास्त तावातावाने बोलतात. त्या काळच्या पुरुषी सेंटांचा एक ठरलेला सांगाडा होता, त्याला फुजेर म्हणतात, लॅव्हेंडर अधिक कूमरिन (वाळलेल्या गवतासारख्या गोड वासाचा रेणू) अधिक ओकमॉस. १८८२ च्या 'फुजेर रोयाल'पासून हे चालत आलेलं, आणि न्हाव्याच्या दुकानात दाढीनंतर जो वास यायचा तो याचाच नातेवाईक. यातलं ओकमॉस काय आहे ते पाहायचं असेल तर मसाल्याचा डबा उघडा आणि दगडफूल काढा. ओकमॉस हे युरोपातल्या ओक झाडांच्या सालीवर वाढणारं दगडफुलासारखंच लायकेन. दगडफूल बोटांत चुरडून हुंगा. पावसात भिजलेलं लाकूड, माती, थोडी शाई, थोडं जुनं पुस्तक. गोडा मसाल्यात दगडफूल नसेल तर आमटी पातळ लागत नाही पण पोकळ लागते, तसंच ओकमॉस काढलं की सेंट पोकळ लागतं. मला यापेक्षा चांगलं सांगता येत नाही.

तर या ओकमॉसमध्ये ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल असे दोन घटक असतात आणि ते काही लोकांना कातडीची ॲलर्जी देतात. आपल्याकडे बिब्बा उततो ना, एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याला नुसता हात लागला तरी अंगभर पुरळ, तसलाच प्रकार. शरीर एकदा त्या पदार्थाला शत्रू मानून बसलं की मग सहसा जन्मभर विसरत नाही, नंतर कणभर लागला तरी खाज, लाली. सुगंध कंपन्यांची इफ्रा म्हणून एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९७३ ची, तिने अंगाला लावायच्या सेंटात ओकमॉसचा अर्क ०.१ टक्क्यापर्यंतच असावा असं ठरवलं, म्हणजे १०० ग्राम मालात ग्रामचा दहावा भाग. जुन्या रेसिप्यांत तो याच्या कितीतरी पट असायचा. नंतर युरोपीय संघाने २०१७ मध्ये ते दोन घटकच बंद केले, २०१९ नंतर नवा माल बाजारात आणायचा नाही, २०२१ नंतर दुकानातला जुनाही विकायचा नाही. आता जे ओकमॉस वापरतात ते त्या दोन घटकांपासून साफ केलेलं असतं. वास येतो, पण थोडा धुतल्यासारखा.

चाहते या सगळ्याला शिव्या घालतात. मला ते पूर्ण पटत नाही. ज्याच्या मानेवर पुरळ उठतं त्याला तुमच्या १९८० च्या आठवणींशी काय देणंघेणं? पण दुसऱ्या बाजूने हेही खरं की शेंगदाण्यानेही माणसं आजारी पडतात, तिथे पाकिटावर लिहितात आणि ज्याचं त्याने ठरवायचं असतं. सेंटाला तेवढी मोकळीक मिळाली नाही.

तिसरी अडचण एकदम रुक्ष, मालक बदलणे. पातू कंपनी २००१ मध्ये पी अँड जीकडे गेली, हो तीच, साबण-डायपरवाली. एवढ्या मोठ्या कंपनीसाठी वर्षाला थोड्याशा बाटल्या खपणारं, महाग मालाचं, जुनाट वळणाचं सेंट म्हणजे गोदामातली अडगळ. पुढे २०११ ला हा ब्रँड लंडनच्या डिझायनर पार्फ्यूम्सने घेतला. त्यांनी थोमा फाँतेन या परफ्यूमरकडून जुन्या सेंटांची नवी मालिका बनवून घेतली, २०१३ ची पूर ऑमची आवृत्ती ती हीच, मामाचा 'भाऊ'. मग २०१८ ला एलव्हीएमएचने ब्रँड विकत घेतला, लुई व्हितों आणि डिऑर ज्यांचे आहेत ते. त्यांनी काय केलं तर 'पातू' नावाने कपडे परत सुरू केले, सेंटं थांबवली, आणि त्याच वर्षी डिऑरने 'जॉय' नावाचं नवंकोरं सेंट आणलं, ज्याचा जुन्या जॉयशी वासाचा काही संबंध नाही. म्हणजे वाडा घेतला तो दारावरच्या पाटीसाठी. आतली माणसं आपापल्या गावी.

इथे कोणीतरी विचारेलच की मग दुसऱ्या कोणी जुन्या बाटलीवरून नक्कल का करू नये. करतात की. गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं मशीन असतं, त्यात थेंब टाकला की तो एका लांबलचक बारीक नळीतून जाताना रेणू एकेक करून वेगळे होतात, कागदावर डोंगररांगेसारखा आलेख येतो, कुठलं शिखर कशाचं आणि किती ते समजतं. कृत्रिम रेणू त्यात पटकन पकडले जातात. पण नैसर्गिक तेल टाकलेलं असेल तर त्या एका तेलाचीच शंभरेक शिखरं, वाळा आणि पॅचुली आणि चंदन एकात एक मिसळलेले, कुठलं शिखर कोणाचं हे ओळखायला अनुभवी नाकच लागतं. आणि ओळखलं तरी तो माल आणायचा कुठून, १९८० चं म्हैसूरचं तेल? मशीन सांगेल साहित्य काय, ते बाजारात मिळतंय का हे मशीनच्या हातात नाही.

कायद्याची मात्र यात फारशी आडकाठी नाही हे वाचून मला आश्चर्य वाटलं. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि परत २०१३ मध्ये सांगितलं की सेंटाच्या वासाला कॉपीराइट नाही, ते कारागिरीचं काम आहे. त्याच २००६ मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने बरोबर उलटं सांगितलं. म्हणून तर कंपन्या रेसिपी आजीच्या लोणच्यासारखी लपवून ठेवतात. कोर्टाच्या भरवशावर कोण राहणार.

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडलेला भाग. हे सगळं असं होणार हे केर्लेओला आधीच दिसलं होतं. त्याने आणखी काही परफ्यूमर गोळा करून १९९० मध्ये व्हर्सायला 'ऑस्मोतेक' सुरू केलं, वासांचं ग्रंथालय. तिथे सुमारे ४,००० सेंटं आहेत, त्यातली शेकडो जगात इतरत्र कुठेच उरलेली नाहीत. बाटल्या अंधारात, १२ अंशावर ठेवतात, आणि बाटलीतल्या मोकळ्या जागेत हवेऐवजी आर्गॉन वायू भरतात. हे का, तर सेंट मुख्यतः तीन गोष्टींनी मरतं, उजेड, उष्णता आणि ऑक्सिजन. आर्गॉन आळशी वायू आहे, कोणाशीच संयोग करत नाही, हवेपेक्षा जड असल्यामुळे वर झाकण घातल्यासारखा बसून राहतो. शिवाय जुन्या रेसिप्या ठेवलेल्या आहेत, त्यावरून मेलेली सेंटं परत बनवतातसुद्धा, अगदी आज बंदी असलेलं सामान वापरून. कारण ते विकायचं नसतं. तिथे गेलात तर कागदाच्या पट्टीवर थेंब घालून हुंगायला देतात, अंगाला लावायला नाही. म्हणजे दुसऱ्याने ऐकून बसवलेलं गाणं नाही, जुन्या गायकाचं मूळ रेकॉर्डिंग, पण घरी न्यायचं नाही.

जुनी बाटली कोणाला घ्यायची असेल तर थोडं कामाचं. नावावर जाऊ नका, बाटली कशी ठेवलेली होती ते विचारा. दुकानाच्या काचेत दहा वर्षं उन्हात उभी असलेली सीलबंद बाटली आणि कपाटात अंधारात पडलेली अर्धी बाटली यात मी डोळे मिटून दुसरी घेईन. उघडल्या उघडल्या पहिली दोन मिनिटं नेलपॉलिश रिमूव्हरसारखा किंवा शिळ्या तेलासारखा वास आला तर लगेच हाय खाऊ नका, वरचे हलके लिंबूवर्गीय रेणू ऑक्सिजनने खराब झालेले असतात, ते उडून गेले की खालचं चंदन, वाळा बरेचदा शाबूत असतं. पण अर्ध्या तासानेही तोच वास असेल तर पैसे गेले. मी एकदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'ओरिजनल व्हिंटेज' म्हणून कुपी घेतली होती, त्यात सपक लॅव्हेंडर आणि अल्कोहोल यापलीकडे काही नव्हतं. तेव्हापासून आधी बाटलीच्या तळाचे आणि खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो मागतो, पाठवायला टाळाटाळ केली की विषय संपला. आणि बाथरूममध्ये सेंट ठेवू नका, रोज गिझरची वाफ खाऊन कुठलंही सेंट लवकर म्हातारं होतं.

मागच्या महिन्यात मामाच्या बाटलीतला एक थेंब कागदाच्या पट्टीवर घालून दिवसभर जवळ ठेवला. पहिली पाच मिनिटं खरंच थोडा आंबट वास. मग लॅव्हेंडर आलं, त्याच्या मागून ती हिरवी, हिंगाच्या चुलत भावाची चाहूल. दुपारी जेवून आलो तेव्हा वाळा आणि दमट लाकूड. रात्री साडेनवाला पट्टीवर फक्त चंदन होतं, पण एकदम जवळचं, जसं काही कोणी गंध लावून नुकतंच खोलीतून गेलंय. २०१३ वालीची पट्टी शेजारी होती, ती सकाळी जास्त छान होती, अगदी स्वच्छ आणि टवटवीत, आणि रात्री तिच्याकडे सांगण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. मामाचं बरोबर होतं.

बाटली परत गोदरेजमध्ये गेली, आजीच्या शालींच्या खणात, कारण घरात तोच सगळ्यात अंधारा आणि थंड कोपरा आहे. आईची तक्रार आहे की झाकण नीट बसत नाही आणि सगळ्या शालींना त्याचा वास लागलाय. तिला सांगितलं की एकोणिसाव्या शतकात काश्मीरच्या शाली युरोपला जायच्या तेव्हा कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत पॅचुलीची पानं घालायचे, आणि तो वास आला तरच तिथल्या बायका शाल अस्सल मानायच्या. ती म्हणाली, "मग पानं आण. बाटली काढ तिथून."